गप्पा मारायची तालीम

परदेशातल्या विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला की तिथला माजी विद्यार्थी जी मुलाखत घेतो त्या ‘नुसत्या गप्पा’ असतात, असं लेकीनं सांगितलं आणि आमच्या टिळकवाडीतल्या घरात घबराट पसरली. परीक्षा असती तर क्लास लावला असता. गप्पांचा क्लास बेळगावात कुठं शोधायचा?

गृहस्थ अमेरिकेत शिकलेले, आता बेंगळूरला नोकरीला. मुलाखत घेण्याचा त्यांना एक पैसाही मिळत नाही, हे ऐकून माझा धाकटा भाऊ म्हणाला, “मग घेतात कशाला?” ऑनलाइन पाऊणएक तास बोलणार आणि प्रवेश समितीला छोटा अहवाल धाडणार. त्या अहवालाला वजन बेताचंच. मुलाखत घ्यायला कुणी मोकळं नसेल तर ती होतही नाही आणि अर्जाचं बिघडतही काही नाही. इतक्या बिनमहत्त्वाच्या गोष्टीनं घरातल्या सगळ्यांची झोप उडवावी, हे विशेषच.

खरा धक्का पुढं होता. त्यांना मार्क दिसतच नाहीत! दहावीचे नाहीत, पीयूसीचे म्हणजे अकरावी-बारावीचेही नाहीत. माझी उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. माल तपासायला येणारा इन्स्पेक्टर आधी टेस्ट सर्टिफिकेट मागतो, मग कास्टिंगकडं, म्हणजे ओतलेल्या मालाकडं, बघतो. कागद बाजूला ठेवून थेट कास्टिंगशी गप्पा मारणारा इन्स्पेक्टर मी अजून पाहिलेला नाही. तरी सर्टिफिकेटांची फाइल मी तिच्या टेबलावर गुपचूप ठेवलीच. ती परत आली. मागच्या भिंतीपाशी ट्रॉफ्या मांडल्या. त्याही परत आल्या.

“गावाबद्दल विचारलं तर 1924 चं काँग्रेस अधिवेशन सांग,” मी म्हणालो. “गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकच. आणि कित्तूरची राणी चन्नम्मा, 1824.”

“पप्पा, ते विकिपीडियावर आहे की. त्यांना मला ऐकायचंय.”

“आणि सीमाप्रश्न काढला तर?” भावानं विचारलं आणि उत्तरही स्वतःच सुरू केलं. त्याचं उत्तर 1956 पासून निघतं आणि महाजन आयोगाशी पोचेपर्यंतच पाऊण तास होतो. मुलाखत तिथंच आटोपली असती.

शेवटी मुलाखत घ्यायला बसली आमची आई. लेकीनं पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं, तशी आईनं हातानंच थांबवलं.

“तिथं जाऊन काय शिकणार हाईस?”

“मटेरियल सायन्स. म्हणजे धातू वगैरे, आज्जी.”

“ते तुझा पप्पा इथं करालाय की.”

लेक गप्प. मग हळूहळू बोलायला लागली. कास्टिंगमध्ये हवा कशी अडकते, वरून गुळगुळीत दिसणारा माल आतून पोकळ कसा निघतो, सुट्टीत फाउंड्रीत येऊन तिनं काय काय टिपून ठेवलंय. बोलण्याच्या भरात माझ्याकडचा माल किती रिजेक्ट होतो तेही सांगून मोकळी झाली. “हे बाहेर बोलायचं नाही!” मी ओरडलो. आई मात्र म्हणाली, “आत्ता कुठं बोलालीस. हेच सांग त्यांना.”

शेवटी ते ‘तुला काही विचारायचंय का?’ म्हणतात आणि तेव्हा ‘नाही’ म्हणणं बरं दिसत नाही. त्यासाठी घरातून प्रश्न मागवले. थंडीत नळाला पाणी येतं का, असं माझ्या बायकोनं सुचवलं. भावाचा प्रश्न सूड उगवणारा होता: “तुमचे किती टक्के होते?”

मुलाखतीच्या वेळी पालकांनी जवळपास फिरकायचं नसतं. आम्ही स्वयंपाकघरात बसून राहिलो. कुकर लावायला बंदी होती. मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरनं लाज राखली. तासाभरानं लेक बाहेर आली, ती हसतच.

“काय विचारलं?”

“ते मूळचे धारवाडचे निघाले. धारवाडी पेढा की बेळगावी कुंदा, यावरच बराच वेळ गेला.”

“तू काय म्हणालीस?”

“कुंदा. आणखी काय म्हणणार?”

भावानं कपाळावर हात मारला. “पेढा म्हणायचं गे! अहवाल कोण लिहिणार हाय?”

आई कुंद्याचा डबा पाठवायला निघाली होती. भेटवस्तू चालत नाहीत म्हणून तिला कसंबसं थोपवलं. आभाराची दोन ओळींची मेल लेकीनं रात्रीच पाठवली. ‘पेढाही उत्तमच असतो’ अशी तिसरी ओळ घालावी, असा माझा आग्रह होता. तो फेटाळला गेला.