करीचं मटण आणि आत्याचे आलू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, नागपुरात मटण किती आणायचं हे हिशेबाने ठरत नाही, धाकाने ठरतं. सकाळपासून इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे गावातली रोगराई घालवायला मिरवतात ते दोन मोठाले पुतळे. काळीची प्रथा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. ती मिरवणूक बघायला आलेले नातेवाईक दुपारी कोणाच्या तरी घरी जेवायला टपकतात, ही प्रथा बहुधा त्याच्याही आधीची असावी. कोण येईल, किती येतील, काही सांगता येत नाही. त्यामुळे भाव किलोला आठशेच्या घरात असला तरी बायको म्हणते, "अर्धा किलो जास्तच आणा. कमी पडलं तर लोक वर्षभर बोलतात."

उरलं तर कोणी बोलत नाही. कारण उरलेलं ज्यांना संपवावं लागतं, त्यांना बोलायची सोय नसते.

आमच्याकडे दुसरी आघाडीही आहे. आत्या माळकरी. करीला तिची शेगडी अंगणात, तिचा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा, तिचा सराटा, म्हणजे उलथणंही वेगळं. मटणवाल्यांना पंगत आणि आपल्याकडच्या चार भजनी बायकांना नुसता वरणभात, हे तिला पटत नाही. म्हणून तिने आलुबोंड्यांसाठी ढीगभर आलू उकडून कुस्करून ठेवले होते. यंदा दुपारी पावसाने असं झोडपलं की ना मटणवाले आले, ना भजनवाल्या. "रोगराई घेऊन जाय गे मारबत" असं सगळं गाव ओरडतं. उरलंसुरलं घेऊन जाय म्हणायचं मात्र कोणाला सुचत नाही.

आता "मटण उरलं" याचा अर्थ बाहेरच्यांना कळावा म्हणून सांगतो. चांगले तुकडे कधीच उरत नाहीत. नळ्या तर पहिल्या पंगतीतच चोखून होतात. उरतात ती मानेची हाडं, बरगड्या, ज्याच्यावर कोणाचा जीव नाही असे तुकडे, आणि रस्सा. रस्सा मात्र हवा तेवढा. तोही सावजी. काळी मिरी, दगडफूल, खसखस, भाजलेलं खोबरं आणि वर बोटभर तर्री. पहिल्या दिवशी त्याने नाकाडोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा सगळे "वा" म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी "वा" म्हणणारे सगळे साबुदाण्याची खिचडी मागतात.

बरं, भादव्याच्या तोंडावरची नागपूरची दमट हवा म्हणजे अन्नाची वैरीण. शिजवलेलं मटण बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, फारच उकडत असेल तर एकाच तासात फ्रीजमध्ये घालावं. आमच्या घरी तेवढी अक्कल सगळ्यांना आहे. त्याच्या पुढची कोणालाच नाही. फ्रीजमध्ये गेलं म्हणजे विषय मिटला असं समजून मंडळी झोपली.

विषय उकरून काढला भाच्याने. तो इंग्लंडात शिकतो आणि दर करीला मटणाचा फोटो पाहून हळहळतो. यंदा म्हणाला, "मामा, इथे लोक रविवारी अख्खी तंगडी भाजतात आणि उरलेल्याचं सोमवारी काहीतरी करतात. मटण बारीक करायचं, वर कुस्करलेल्या आलूचा जाड थर द्यायचा आणि ओव्हनमध्ये लाल करायचं. शेफर्ड्स पाय म्हणतात. तुमच्याकडे तर दोन्ही तयार आहे!"

तयार होतं, पण दोन वेगळ्या पक्षांकडे. आणि ओव्हन कोणाकडेच नव्हतं.

आत्याला हात जोडून सगळं सांगितलं. ती माळ चाचपत म्हणाली, "इंग्रज गेले ना रे बावा? मग त्याइचं शिळं खाणं कायले उकरून राहिला? माहे आलू नाही बाटवू देत मी." शेवटी तह झाला. अर्धे आलू तिने आधीच काढून स्वतःच्या गंजात झाकले. उरलेले आमच्याकडे सरकवले, तेही वरून, भांड्याला भांडं लागू न देता.

ओव्हन नाही तर तवा. पाय नाही तर टिक्की. इथपर्यंत सोपं. खरं काम हाडांवरचं मास सोडवण्याचं. थंड मटणाच्या मानेच्या मणक्यात बोट घालून बघा एकदा. वरून काहीच नाही असं वाटतं, आणि मणका जरा पिळला की आतून दोऱ्यासारखी लांबच लांब शीर सुटून येते. नखांत मसाला, मनगटापर्यंत चरबी, आणि जवळ मांजर. तासाभराने परातीत दोन वाट्या ऐवज जमला. पंगतीत ज्याला "काही नाही त्याच्यात" म्हणून कोणी ताटात घेतलं नव्हतं, तोच हा माल.

रश्श्यावरची तर्री रात्रीतून गोठून तिची लालभडक पापडी झाली होती. ती उचलून कढईत घातली, त्यातच कांदा परतला. तेलाचा एक थेंब लागला नाही, हे मी बायकोला दोनदा ऐकवलं. मग मास आणि दोन पळ्या रस्सा घालून कढई खडखडीत कोरडी होईस्तोवर आटवलं. इथे घाई केली की टिक्की तव्यावर पसरते आणि तिचं पिठलं होतं. मीठ घालायचं नाही, ते दोन्हीकडे आधीच असतं. आलू मात्र शिळेच बरे. थंड झालेल्या आलूतलं स्टार्च घट्ट बसतं, म्हणून टिक्की धरून राहते. गरम आलूचा चिकट गोळा होतो. दोन वाट्या मटणाला चार वाट्या आलू, मूठभर सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर), चहाचे दोन टोस्ट कुटून. वरून रव्यात घोळवून मंद आचेवर टाकायच्या आणि खालची बाजू लाल होईपर्यंत सराटा लावायचा नाही. हा शेवटचा नियम पाळायला आमच्या घरात एकही माणूस लायक नाही.

तिकडे अंगणात आत्याच्याही टिक्क्या चालू होत्या. तिने त्यात आमच्याच डब्यातला सावजी मसाला घातला. मी बघतच राहिलो, तर म्हणाली, "मसाल्यात काय बोकड असते का?"

मग संकट उभं राहिलं. दोन्ही ताटं शेजारी ठेवली तर कोणती कोणाची, ओळखू येईना. रंग तोच, वास तोच. आत्या हादरली. तिने आपल्या सगळ्या टिक्क्या दाबून लांबट केल्या आणि खुर्ची टाकून ताटापाशी राखणीला बसली. आमच्या गोल. पोरांना तीनतीनदा बजावलं.

शेजारचे काका पेपर मागायला आले, त्यांना कोणी बजावलं नव्हतं. पेपर काखेत मारून त्यांनी उभ्याउभ्या लांबट टिक्क्यांच्या ताटातल्या दोन उचलल्या, मग आणखी एक.

"वा! मटण काय मुरलं आहे भाऊ," ते डोळे मिटून म्हणाले. "कोणत्या दुकानातून आणलं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याने ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"घरचंच बोकड होय. खाय अजून एक."