तांबू म्हटल्याने कुत्रा भित्रा होत नाही

"अगं, फटाका कानापासून किती लांब धरायचा असतो?" ताईने फोनवर पहिलंच वाक्य हे टाकलं.

"कोणाच्या कानापासून?"

"तांबूच्या. म्हणजे आता रणशार्दूलच्या."

तांबू म्हणजे भाच्याने आणलेलं आठ आठवड्यांचं आयरिश सेटरचं पिल्लू. पक्ष्यांच्या शिकारीसाठी तयार झालेली ही जात, रंग घासलेल्या तांब्यासारखा, म्हणून तांबू. चार दिवस सगळं मजेत चाललं होतं. मग घरच्या ग्रुपवर 'शिकारी कुत्र्याचे नाव ठेवण्याचे सात अचूक नियम' येऊन आदळले. शेवटी नेहमीचं 'प्रत्येक श्वानप्रेमीपर्यंत पोहोचवा'. ताईपर्यंत ते तीन बाजूंनी पोहोचले. माझ्या हाताखालून शिकारी जातीची तीन कुत्री गेली आहेत. हे लिहिणाऱ्याच्या हाताखालून एकही गेलं नसावं, हे सातवा नियम वाचला की कळतं. म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते.

सातवा नियम असा: 'पिल्लाच्या कानात तीनदा नाव उच्चारून लगेच जवळ फटाका वाजवावा. असे पिल्लू बंदुकीच्या आवाजाला आयुष्यभर घाबरत नाही.'

घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा पावलॉव्हचा प्रयोग आपण शाळेत शिकलो. इथे घंटेच्या जागी पिल्लाचं नाव आहे आणि खाण्याच्या जागी स्फोट. मग पिल्लू काय शिकेल? 'तांबू' ऐकू आलं की आता काहीतरी भयंकर होणार. म्हणजे ज्या शब्दाला त्याने धावत यायचं, तोच शब्द ऐकून ते पलंगाखाली शिरणार. वर या वयात बसलेली धास्ती सहजासहजी जात नाही. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकी संशोधकांनी बीगल, कॉकर स्पॅनिएल अशा पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ साली ते पुस्तकरूपाने मांडलं. साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगात कशावर विश्वास ठेवायचा हे ठरवत असतं, हे त्यातून पुढे आलं. आमचं तांबू नेमकं आठ आठवड्यांचं.

आणि कानाचं काय? कानाशी झालेल्या स्फोटाने आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत, माणसाच्याही नाहीत, कुत्र्याच्याही नाहीत. तेव्हा एका अर्थी नियम खरा म्हणायचा, बहिरा कुत्रा बंदुकीला घाबरत नाही! बंदुकीच्या आवाजाला बुजणारी बरीच शिकारी कुत्री अशाच घाईने बुजवलेली असतात. सवय लावायची रीत अगदी कंटाळवाणी आहे. पिल्लू मोठं होऊन धीट झालं, खेळात किंवा पक्ष्यामागे रंगलं, की कुणीतरी खूप लांब हलका आवाज करायचा. त्याने कान टवकारून पुन्हा खेळायला घेतलं, तरच पुढच्या खेपेला थोडं जवळ यायचं. दचकलं तर मागे जायचं. यात आठवडे जातात, आणि पिल्लाच्या नावाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

सहावा नियम याचाच धाकटा भाऊ: 'चूक झाल्यास नाव घेऊनच फटका द्यावा, म्हणजे नावाचा वचक बसतो.' वचक बसतो, अगदी खरं. मोकळ्या रानात दोनशे पावलांवर गेलेल्या कुत्र्याला तुम्ही नावाने हाक मारता, तो वळून बघतो, वचक आठवतो आणि आणखी दोनशे पावलं लांब जातो. मग मालक लोकांना सांगत फिरतो की कुत्रा हट्टी निघाला.

आता पहिला नियम, ज्याच्यामुळे घरात भांडण लागलं. 'सौम्य नावाचा कुत्रा भित्रा निघतो, शिकारी कुत्र्याला उग्र नावच हवे.' भाचा चौदा वर्षांचा, त्याला हे लगेच पटलं. पण कुत्र्याला नावाचा अर्थ कळत नाही. त्याला नावाचा आवाज कळतो, आणि त्या आवाजानंतर काय घडतं ते कळतं. रणशार्दूल म्हणजे युद्धातला वाघ, हे समजायला कुत्र्याला आधी समास सोडवावा लागेल. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक झेनोफनने शिकारीवर पुस्तक लिहिलं, त्यात शिकारी कुत्र्यांसाठी ४७ नावं दिली आहेत. हा माणूस घरी बसून लिहिणारा नव्हता, दहा हजारांच्या सैन्याला शत्रूच्या मुलखातून परत आणणाऱ्या सेनानींपैकी होता. त्याच्या यादीत उग्र नावं आहेतच, पण 'आनंद', 'तारुण्य', 'किरण' अशा अर्थांचीही आहेत. अट त्याने एकच घातली: नाव आखूड असावं, म्हणजे हाक मारायला सोपं जाईल.

त्यामुळे दुसऱ्या नियमाला, 'नाव दोन अक्षरी ठेवावे', मी निम्मे गुण देते. निम्मेच, कारण पुढे लिहिलंय, 'दोनपेक्षा जास्त अक्षरे कुत्र्याच्या मेंदूत शिरत नाहीत'. शिरतात हो. आखूडपणा मेंदूसाठी नसतो, आपल्या जिभेसाठी आणि वेळेसाठी असतो. कुत्रा रस्त्याकडे सुटला असेल तर रणशार्दूल पूर्ण होईतो तो पलीकडे गेलेला असतो. आणि गंमत पाहा, दोनच अक्षरं म्हणून बजावणाऱ्या याच फॉरवर्डने खाली नमुन्याला दिलेली नावं रणशार्दूल, कालभैरव आणि वज्रदंष्ट्र!

तिसरा नियम म्हणतो, 'कुत्र्याला फक्त स, श, क हे वर्ण ऐकू येतात.' मग 'बाहेर' म्हटल्यावर दाराशी जाऊन कोण उभं राहतं? आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, एवढीच यातली खरी गोष्ट. उलट उंच पट्टीचे आवाज हवेत लवकर विरतात, त्यामुळे मैदानात 'स' आणि 'श' आधी हरवतात. लांबवर पोहोचतो तो ताणलेला स्वर. 'तांबूऽऽऽ' अशी हाक मारून पाहा.

चौथा: 'नाव परक्याला कळू देऊ नये, कुत्रा फक्त मालकाच्या तोंडून नाव ओळखतो.' परक्याच्या तोंडून ओळखतच नसेल तर लपवायचं कशाला, हा प्रश्न राहू दे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली हेच तपासलं. अनोळखी आवाजात कुत्र्याचं नाव ऐकवलं, शिवाय तशाच चालीचं दुसरं नावही. मागे माणसांच्या बोलण्याचा गलबला ठेवला. गलबला नावाइतकाच मोठा असतानाही कुत्र्यांनी स्वतःच्या नावाकडे जास्त लक्ष दिलं. वर्षभराच्या बाळांना तेवढ्या गोंगाटात हे जमत नाही. आणि ज्यांना काम शिकवलं होतं, म्हणजे शोधकार्याची, स्फोटकं हुंगणारी, मदतनीस कुत्री, ती घरगुती कुत्र्यांपेक्षा यात सरस ठरली, जाती वेगवेगळ्या असूनही. संशोधकांच्या मते हा फरक शिकवण्यामुळे आणि लक्ष देण्याच्या सवयीमुळे असावा. चौथ्या नियमाची हवा काढायला मला एवढा एक अभ्यास पुरतो.

राहिला पाचवा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात तथ्य आहे आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. 'नाव आज्ञेसारखे ऐकू येऊ नये.' बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२० साली कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिलं. ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांत कुत्र्याचा मेंदू फरक करतो, पण ओळखीच्या शब्दातला एकच आवाज बदलला तर तो फरक दिसत नाही. आता एकदा मोठ्याने म्हणा: तांबू, थांब.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाच्याने फोन हिसकावला. "मावशी, म्हणजे रणशार्दूलच बरोबर ना?"

नाही. नाव बदलल्याने पिल्लाचं काही बिघडत नाही. हाक मारून दरवेळी खाऊ दिला की नवं नाव काही दिवसांत अंगवळणी पडतं. पण इथे नाव बदलण्याचीही गरज नाही, आज्ञा बदलली की झालं. एक लांब शिट्टी म्हणजे थांब आणि तुटक छोट्या शिट्ट्या म्हणजे ये, ही पद्धत शिकारी कुत्री शिकवणाऱ्यांत जुनीच आहे. शिट्टीला राग येत नाही आणि ती दमतही नाही.

फटाका पाण्याच्या बादलीत गेला. शिट्टी त्याच संध्याकाळी आली, आणि रात्रीपर्यंत तांबूने तिची दोरी खाऊन टाकली होती.