गाडीत कार्पेट घालणाऱ्याच्या हातात एकदा केरसुणी द्या

आज तिसरा दिवस. हातात पकड, शेजारी चपटा स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला रुमाल, आणि मी गाडीत उकिडवी बसून पिना काढालेय. स्टेपलच्या पिना. ज्यानं कोणी हे कार्पेट मारलंय त्याला बहुतेक पिनांचे पैसे किलोवर मिळत होते, बोटाबोटाच्या अंतरावर एकेक पिन, आणि ती पण ओढली की अर्धी तुटून आतच राहणारी. कालपर्यंतच्या जमवल्या तर आईस्क्रीमचा एक लिटरचा डबा भरलाय. मागच्या चाकाच्या कमानीजवळचा कोपरा अजून तसाच आहे आणि माझी कंबर गेलीय.

दीराला फिरायची हौस. हौस असू दे, माझं काही म्हणणं नाही, पण हौस एकाची आणि केर दुसऱ्यानं काढायचा हे कुठलं? मागच्या वर्षी ह्या दोघा भावांनी मिळून सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत बेड, छोटा ओटा, सिंक, पाण्याची टाकी सगळं आधीच्या मालकानं करून घेतलेलं. कॅम्पर व्हॅन म्हणायचं म्हणे तिला. आणि खाली ड्रायव्हरच्या सीटमागून ते मागच्या दारापर्यंत कार्पेट. रंग कुठला, तर बेज. बेज! बेळगावात! जिथं जूनमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल गणपतीपर्यंत दमटच असतोय तिथं बेज कार्पेट.

मी त्याच दिवशी बोलले, भाऊजी हे काढून टाकूया, साधं काहीतरी पुसता येण्यासारखं घालूया. तर म्हणे, "वहिनी, लक्झरी लूक आहे की हो." बरं, ह्या लूकचा केर कोण काढणार विचारलं तर दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसले. तेव्हाच काय ते कळायला हवं होतं.

आमच्याकडची माती कसली आहे माहीत आहे ना. जांबोटीच्या पुढं कुठंही गाडी थांबवा आणि खाली पाय ठेवा, चप्पल वर येते ती एक इंच जाड होऊन. खानापूरला ह्याच मातीची मडकी आणि कौलं होतात. जी माती भट्टीत गेली की शंभर वर्षं टिकणारं कौल होतंय ती कार्पेटच्या धाग्यात शिरल्यावर तुमच्या त्या हातात धरायच्या व्हॅक्यूमला बधणार आहे होय? चोर्ला घाटातून एकदा आलो, पोरांनी धबधब्यात पाय घातलेले, तेच पाय घेऊन आत. घरी आल्यावर मी ब्रश घेऊन दोन तास घासलं. वरून पांढरं दिसायला लागलं, आणि वाळल्यावर परत लाल! खालून वर येतोय तो रंग. वाळताना पाणी वर येतंय आणि मळ सोबत आणतंय. म्हणजे जितकं घासाल तितकं आत जाणार आणि जितकं वाळेल तितकं वर येणार. हे स्वच्छ करणं नव्हे, हे त्याच्याशी खेळत बसणं झालं.

पण खरी कथा सौंदत्तीची. डोंगराला गेलो, सासूबाईंची इच्छा होती पडल्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या परड्या, भरायची. आता यल्लम्माला जाऊन भंडारा अंगावर पडणार नाही असं होईल का, कपाळाला, केसाला, पोरांच्या खिशात, सगळीकडे भंडारा, उदो उदो करत सगळी गाडीत चढली आणि जो तो भंडारा झटकतोय तो खाली. पिवळंधमक. त्याचं मला वाईट वाटलं नाही, देवीचं आहे ते. चुकलं ते पुढं. ह्यांनी मला मदत करायची म्हणून (वर्षातून एकदा येतंय असलं भरतं) कपड्याचा साबण बादलीत फेसून अख्खी बादली त्यावर ओतली. झालं. पिवळं होतं ते लालभडक झालं, ओट्यापासून बेडपर्यंत जणू कोणी बकरं कापलंय! अहो हळदीला चुना लागला की कुंकू होतंय हे माझ्या आजीला माहीत होतं, साबणाचं पण तेच, इंजिनिअरिंग झालेल्या माणसाला माहीत नसावं? हळदीचा डाग लागलेलं कापड धुऊन कडक उन्हात टाकतात, दोन दिवसात उन्हानं डाग उडतोय. पण हे कापड उन्हात टाकू कसं? ते पिना मारून, गम लावून, बेडच्या खोक्याखाली दाबून बसवलंय. उन्हाकडे नेता येत नाही, ऊन आत येत नाही. काचांना पण हौसेनं काळी जाळी लावलीय.

मग आली डिटेलिंगवाली, म्हणजे गाडी आतून धुऊन चकाचक करून देणारी मंडळी. २५०० रुपये घेतले, मशीननं पाणी मारलं, ओढलं, फेस केला, सुगंध मारला, फोटो काढून पाठवले. चार दिवस मस्त. पाचव्या दिवशी दार उघडलं तर सासूबाई पदर नाकाला लावून बाहेरच उभ्या, "काय गं ह्यो वास, म्हस भिजल्यागत!" कारण कार्पेटच्या खाली असतोय फोम. मशीन वरचं पाणी ओढतंय, फोममधलं नाही. आणि खाली प्लाय, त्याखाली पत्रा. पाणी जाणार कुठं? तिथंच मुरत बसणार.

भाऊजी मला मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवतात, बघा वहिनी, त्यांच्या एवढ्या मोठ्या आरव्हीत, त्या फिरत्या घरात पण कार्पेट असतंय. हो असतंय, मी पण बघितलं मग बसून. तिथं कंपन्या ते घालतात कारण ते हलकं असतंय, स्वस्त पडतंय, आवाज कमी करतंय, आणि कापलेली वेडीवाकडी कड दुमडून पिन मारली की झालं. काही गाड्यांत भिंतीचा भाग खोलीसारखा बाहेर सरकतो, तो आत-बाहेर होताना खालच्या कडक फ्लोअरवर ओरखडे पडतात म्हणून पण तिथं कार्पेट ठेवतात. ठीक, त्यांचं कारण त्यांच्यापाशी. आमच्या टेम्पोला कुठली आलीय सरकणारी खोली? आमचं दारच धड सरकत नाही. आणि तेच अमेरिकेतले लोक गाडी घरी आणली की पहिलं काम काय करतात तर कार्पेट उचकटून व्हायनल, म्हणजे पुसता येणारं प्लॅस्टिकचं फ्लोअरिंग, घालतात, त्याचे पण ढिगानं व्हिडिओ आहेत, ते मात्र भाऊजींना दिसत नाहीत.

गेल्या आठवड्यात माझा पाय खचला. अगदी खरोखर. दारातून आत पाऊल टाकलं आणि टाच खाली गेली, प्लाय पापडासारखा मोडला. तेव्हा मी म्हटलं आता कोणाला विचारायचं नाही. कटर घेतला आणि ओट्याच्या कडेनं सरळ कापत गेले. कापावंच लागतंय, कारण त्या शहाण्यानं आधी कार्पेट घातलंय आणि त्यावर फर्निचर ठोकलंय, ओट्याखालचा तुकडा जन्मात निघायचा नाही.

आणि वर उचललं तर काय बघते. फोमचा नुसता भुगा, पिवळा, बोट लावलं की चिकटतोय. प्लाय वॉटरप्रूफ नव्हताच, साधा कमर्शियल, जो आम्ही घरात देव्हाऱ्यालासुद्धा घालायचो नाही, तो सिंकच्या खाली! पाण्याच्या पंपाची नळी एका जोडाला बिनक्लॅम्पची, नुसती घुसवलेली, थेंब थेंब गळत होती, देव जाणे कधीपासून. आणि त्या ओल्या फोमच्या मधून लाइटची वायर, जोड काय तर पिळून टेप. ती पण सुटलेली. मी तिथंच बसले. ह्याच्यावर माझी पोरं झोपत होती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कार्पेट हे शोभेला घालत नाहीत हो. झाकायला घालतात. फट राहिली, घाल कार्पेट. प्लाय वरखाली झाला, घाल कार्पेट. वायर कुठून न्यायची कळेना, ने कार्पेटखालनं. लादीवर, व्हायनलवर हे चालत नाही, तिथं एक खिळा वर राहिला तरी दिसतोय आणि पायाला लागतोय. म्हणून त्या कारागिराला कार्पेट आवडतंय आणि म्हणून गिऱ्हाइकाला ते "लक्झरी" म्हणून विकायचं. लोक पैसे जास्त देतात वर!

आता नवीन काय घालायचं त्याची वेगळीच तऱ्हा. एका दुकानात गेलो, त्यानं क्लिकवाल्या एसपीसी पट्ट्या समोर टाकल्या, वॉटरप्रूफ आहे, लाकडासारखं दिसतंय, आजकाल सगळे हेच घालतात. पट्टी हातात घेतली तर जड. दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक आहे ते, जड असणारच. ४ मिलिमीटरची चौरस मीटरला ८ किलोच्या आसपास जाते, आमच्या गाडीची जागा ७ चौरस मीटर धरा, म्हणजे एक सासूबाई कायमच्या गाडीत बसवल्यासारखं. (त्यांना हे वाचून दाखवू नका.) बरं वजन पण सोडा, ह्या पट्ट्या मोकळ्या राहाव्या लागतात, कडेला फट सोडावी लागते, उन्हानं थोड्या वाढतात म्हणून. घरात ठीक. गाडीत एप्रिलच्या उन्हात बंद करून लावली की आत भट्टी, रात्री गार, त्यात खड्ड्यात बॉडी पिळते, आणि मिस्त्री त्यावरच ओटा स्क्रूनं आवळणार. मग जोड उघडला की त्यात पाणी आणि परत तेच रामायण. काहींचं चालतंय म्हणे चांगलं. असेल. मला जोडच नको आहेत. दुसऱ्यानं लॅमिनेट दाखवलं, ते आत भुशाचंच असतंय, ओल लागली की कडेला फुगतंय. भाऊजींनी तर कहर केला, "वहिनी, व्हिट्रीफाइड टाइल घालूया काय?" हो, आणि वर पत्र्याऐवजी स्लॅब पण टाकूया.

उत्तर मला मिळालं ते बसमध्ये. खानापूरहून येत होते, सरकारी बस, सीटखाली कोणीतरी उसाचा रस सांडलेला, स्टँडवर पोहोचल्यावर एका माणसानं झाडू मारला, पाणी मारलं, पाच मिनिटात जिथल्या तिथं. खाली बघितलं तर बारीक खरखरीत कणांचं एकसलग व्हायनल. अरे हेच की! रोज शेकडो चिखलाचे पाय झेलणारी वस्तू डोळ्यासमोर आहे आणि आम्ही लक्झरी शोधालोय. चौकशी केली, २ मिलिमीटर जाड, रोल २ मीटर रुंद येतो, आमची गाडी आतून त्यापेक्षा कमी, म्हणजे मधे जोडच नाही. कडा भिंतीवर चार बोटं चढवायच्या, बाथरूमच्या स्कर्टिंगसारख्या, कोपऱ्यात सिलिकॉन भरायचं. पोतेरं फिरवलं की संपलं.

मग मिस्त्री. गाडी बघून पहिलं वाक्य, "साहेबांना बोलवा." साहेबांना काय कळतंय, साहेबांनी साबण ओतला! मी सांगितलं, सगळा प्लाय काढा, पत्र्याचा गंज घासा, रेड ऑक्साईड मारा, १२ मिलिमीटर मरीन प्लाय घाला, त्यावर मरीन प्लायचा मानक नंबर आयएस ७१० छापलेला असतोय तो मला दाखवा, प्लायच्या कापलेल्या कडांना पण कोटिंग करा, स्क्रूची डोकी पुट्टीनं बुजवा, मग व्हायनल, आणि ओटा सगळ्यात शेवटी. माणूस सगळं ऐकून घेतो आणि मान हलवून म्हणतो, "आगंगिल्री अक्कार." जमायचं नाही. का जमायचं नाही? जुन्या प्लायवरच गम लावून चिकटवू, कोण बघतंय खाली. हेच! हेच आधीच्यानं पण म्हटलं असणार! मी बघतेय ना खाली, मीच बघत असते रोज, वाकून वाकून. आणि निघताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणतो, पायाला मऊ लागायला वरनं एक छान कार्पेट टाकून देतो. मला त्याक्षणी हातातली पकड फेकावी वाटली.

शेवटी उद्यमबागेतला दुसरा एक पोरगा तयार झालाय, बस बॉडीचं काम केलेला, त्यानं मी सांगायच्या आधी विचारलं की पाण्याची नळी वरून घेऊया का म्हणजे गळली तर दिसेल. एवढं एक वाक्य ऐकून मला त्याला चहा पाजावा वाटला. सोमवारी येतो म्हणालाय. कुठला सोमवार ते म्हणाला नाही.

कार्पेट अंगणात पडलंय गुंडाळून. भंगारवाला घेत नाही, कचऱ्याच्या गाडीवाला म्हणतोय तुकडे करून द्या, गल्लीतलं कुत्रं हुंगून लांब जाऊन बसतंय. सासूबाईंची आता नवीन काळजी, खाली नुसतं प्लॅस्टिक म्हणजे पाय गार पडतील. त्यांना म्हटलं ट्रंकेत तो नवलगुंदचा जमखाना, ती सुती सतरंजी, आहे की, तो अंथरते, मळला की उचलून दगडावर आपटून धुते. तर त्यावर दीर काय म्हणतात,

"जमखान्याच्या कोपऱ्याला एकेक पिन मारूया वहिनी, सरकायचा नाही."