पायाचं दुखणं

आमच्या घरात सध्या दोन पाय दुखणाईत आहेत. एक आईचा उजवा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. दुसरा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक. तोही आमचाच, पण त्याला डॉक्टर मीच.

गुडघ्यामुळे आईचं भाचीच्या मुलीचं लग्न हुकलं. चिरंजीवांनी मोबाइलवर पाऊण तासाचं शूटिंग करून आणलं होतं, पण आईला ते मोठ्या पडद्यावर हवं होतं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर टीव्हीने ‘फाइल चालत नाही’ म्हणून हात वर केले. बायको म्हणाली, “अहो, टीव्हीला लावायची ती नवी काडी मिळते, ती आणा.” मी म्हणालो, “घरात पाय असताना?”

हा पाय २०१६ सालचा, तिसऱ्या पिढीचा. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. एका थालीपीठात दोन सहज बसतील. चिरंजीवांच्या कॉलेजच्या प्रोजेक्टनंतर तो जुन्या चाव्यांच्या खणात पडून होता. त्याच्यावर व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, टीव्हीला जोडला, चार्जर म्हणून माझ्या जुन्या फोनचा लावला आणि सगळ्यांना समोर बसवलं.

पहिलं मिनिट छान गेलं. मग भटजी ‘शुभमंगल सावधान’ म्हणाले, टाळ्या झाल्या, वाजंत्री वाजली, आणि पडद्यावर अंतरपाट तसाच धरलेला. आवाजात लग्न लागलं होतं, चित्रात मुलगी अजून मामाच्या हाताला धरून येत होती. मग मामाच्या मिशा नवरीच्या गालावर गेल्या. मागे पंगतीत मोतिया कुर्त्यातला एक मनुष्य नुसत्या चौकोनांचा उरला होता.

“हा कोण रे, फरशा बसवल्यासारखा?” आईने विचारलं.

“असेल मुलाकडचा कोणीतरी,” मी म्हणालो.

तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली. “अगंबाई, पाऊस होता का लग्नात?” तो पाऊस नव्हता, पायाची भूक होती. त्याला ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात. माझा चार्जर एका अँपिअरचा, त्यात वायर दोन मीटर लांब आणि जानव्याइतकी बारीक. पोचेपर्यंत वीज वाटेतच संपायची. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय ती खूण दाखवतो आणि चालायचा वेग कमी करतो. कमांड देऊन विचारलं तर उत्तर आलं ०एक्स५०००५. शेवटच्या पाचाचा अर्थ, आत्ता उपाशी आहे म्हणून हळू चालतोय. आधीच्या पाचाचा अर्थ, चालू झाल्यापासून हे आधीही घडलंय. एवढं मोजकं गाऱ्हाणं आमच्या घरात आजवर कोणी केलेलं नाही.

योग्य चार्जर आणला. वीज गेली, मिशा राहिल्या.

मग ताप. ८० अंशांवर गेला की पाय आपणहून मंदावतो, म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडला आणि चिरंजीवांना ओरडून सांगितलं, “पाय फार तापलाय, मधूनमधून हात लावून बघ!” त्या वेळी आई मावशीशी फोनवर बोलत होती. तासाभरात मावशी रिक्षाने निरगुडीचा पाला घेऊन हजर. आईचा पाय ठणठणीत, हे तिला पटवण्यात संध्याकाळ गेली. पाला आणलाच आहे तर कुठेतरी बांधायला हवा होता. शेवटी माझ्या मानेला बांधला, दोन दिवस टीव्हीमागे वाकून ती धरली होतीच.

खरं दुखणं रात्री अकराला सापडलं. चिरंजीवांचा फोन शूटिंग करताना व्हिडिओ एच.२६५ नावाच्या पद्धतीने दाबून लहान करतो. २०१३ सालची ही पद्धत तोच दर्जा जवळपास अर्ध्या जागेत बसवते, पण सोडवायला किचकट. पायाच्या चिपमध्ये जुन्या एच.२६४ साठी खास यंत्रणा आहे, याच्यासाठी नाही. म्हणजे सेकंदाला ६० चित्रं प्रोसेसरच्या चार कोअरनी, चार गड्यांनी म्हणा, हाताने सोडवायची. शिवाय बहुतेक चित्रांत अख्खं चित्र नसतंच, आधीच्यात काय बदललं एवढंच असतं. मधलं काही निसटलं की मामाच्या मिशा नवरीच्या वाट्याला येतात.

लॅपटॉपवर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरला कामाला लावलं: एच.२६४, सेकंदाला ३० चित्रं. लॅपटॉपही माझ्याच वयाला शोभेल असा. रात्रभर पंखा घरघरत होता, पहाटे दूधवाला आला तेव्हा काम संपलं.

सकाळी पुन्हा सगळे जमले, मावशीसुद्धा. चित्र लख्ख. ‘सावधान’ला अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मिशा मामाकडेच राहिल्या. आईने डोळ्यांना पदर लावला. बायकोने पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

मग कॅमेरा पंगतीकडे वळला. मोतिया कुर्त्यातल्या माणसाचे चौकोन आज विरघळले होते. वाढपी पुढे वाकला होता आणि तो माणूस पानावर हात आडवा धरायच्या ऐवजी दोन बोटं दाखवत होता. पानात आधीच दोन जिलब्या होत्या.

“तुम्ही तर म्हणालात, फक्त मठ्ठा घेतला,” बायको म्हणाली. “आणि साखर तपासायची ती सोमवारची की मंगळवारची?”

“थांबा गं,” आई म्हणाली, “एवढं जरा मागे घे रे. पहिल्यापासून मोजू.”