जुहूला स्टेशन नाही

परवा मिरजेला एका मुंजीत, भर पंगतीत, बायकोच्या मामांनी मला विचारलं, "काय जावईबापू, आमच्याकडची गादी टोचते म्हणे तुम्हाला?"

मामा डोंबिवलीचे. आवाज प्लॅटफॉर्मवरून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर पोचेल असा. समोरच्या रांगेतले श्रीखंडाचे हात थांबले. बटूसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

गुन्हा एवढाच, की पुढच्या महिन्यात आम्ही नवराबायको मुंबईला जाणार आहोत आणि हॉटेलात उतरणार आहोत. कल्पना बायकोची. तिचं म्हणणं, आजवर आपण मुंबईला दवाखान्यासाठी गेलो, व्हिसासाठी गेलो, लग्नांना तर किती गेलो, पण मुंबई बघायला म्हणून कधी गेलोच नाही. हे खरं आहे. जयपूरला जाताना जयपूरमध्ये कोण नातेवाईक आहे हे कोणी विचारत नाही. मुंबईत मात्र मराठी माणूस हॉटेल शोधत नाही, नातेवाईक शोधतो. मग चार दिवस त्यांच्या नळाच्या वेळा पाळतो आणि परत येऊन सांगतो, छे, मुंबईत काय गर्दी!

तर आमचं भाग कुठला निवडायचा यावर चाललं होतं आणि मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की कुलाबा, दादर की जुहू ते ठरत नाहीये. हे मी मामींना म्हणालो, हळू आवाजात. मामी मामांना म्हणाल्या. पुढचं सगळ्या पंगतीला कळलं.

"बघा," मामा म्हणाले आणि त्यांनी केळीचं पान पुढ्यात सरळ केलं. "पानाचं टोक डावीकडे. हे कुलाबा. वरची कड म्हणजे समुद्र, तिकडून वेस्टर्न रेल्वे. ही पोटाकडची कड म्हणजे आपली सेंट्रल."

मला कबूल करायला हवं, नकाशा बरोबर होता. मुंबई खरंच तशीच, डावीकडे निमुळती.

"हे लिंबू म्हणजे व्हीटी. हा भात दादर. वेस्टर्न आणि सेंट्रल इथेच भेटतात, म्हणून मधोमध. ही वर उजवीकडे बटाट्याची भाजी आहे ना, ती अंधेरी. भाजीच्या वर, कडेला, जुहू." मग त्यांनी जिलबी उचलली, पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जवळजवळ पानाबाहेर ठेवली आणि म्हणाले, "आणि ही डोंबिवली."

"मामा, नवी मुंबई?" शेजारच्या कोणीतरी विचारलं.

"ती टेबलावर. पानात नाही."

वाढपी आमटी घेऊन आला. मामांनी एक हात आडवा धरून त्याला थांबवलं आणि दुसऱ्या हाताने मला विचारलं, "हं, कुलाबा कशाला?"

मी म्हटलं, गेटवे आहे, म्युझियम आहे, चालत फिरता येतं.

"कुलाब्याला स्टेशन आहे का?"

"नाही."

"होतं! १९३० साली बंद केलं. रेल्वेनेच जी जागा सोडली तिथे तुम्ही पैसे देऊन राहणार?"

यावर काय बोलणार? पंगतीत दोघातिघांनी माना डोलावल्या. जुहूचं नाव मी घेण्याआधीच त्यांनी निकाल दिला. "जुहूलाही स्टेशन नाही. ज्याला स्टेशन नाही त्याला मुंबई कसं म्हणायचं? ते गाव आहे, समुद्राकाठचं." मग अंधेरी. अंधेरीत चढता येतं, पण विरार लोकलमधून उतरता येईलच याची खात्री नाही. वांद्र्याला रिक्षा मिळते, पण ती माहीमच्या खाडीपलीकडे येत नाही, म्हणजे मुंबई बघायला निघालात की वेशीवरच उतरवणार. राहता राहिलं दादर. "दादर चांगलं," मामा म्हणाले, "पण पूर्व की पश्चिम?"

मी म्हटलं, "पूर्व?"

त्याच क्षणी वाढप्याचा धीर संपला आणि आमटीचा डाव भाताच्या अलीकडच्या अंगाला पडला. आमटी पसरत लिंबापर्यंत गेली.

"घ्या," मामा शांतपणे म्हणाले, "दादरच्या हिंदमाताला पाणी भरलं. गाड्या बंद."

अख्खी पंगत हसली. मीही हसलो, हसावंच लागतं. समोरचे एक पुणेकर म्हणाले, त्यापेक्षा ठाण्यात उतरा, तलाव आहेत. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मला राग कशाचा आला ते सांगतो. मामा तीस-पस्तीस वर्षं डोंबिवलीहून मस्जिद बंदरला नोकरीला गेले. लोकलने जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, बहुतेक वेळा चौथ्या सीटवर, म्हणजे अर्ध्या मांडीवर. एवढ्या वर्षांत हा माणूस एकदाही म्युझियममध्ये गेलेला नाही. एलिफंटाला गेलेला नाही. विचारलं तर म्हणतात, "बोट चुकली तर शेवटच्या फास्ट लोकलचं काय?" मुंबईतल्या प्रत्येक जागेकडे ते तिथून परत कसं यायचं एवढ्याच नजरेने बघतात. त्यांची चूक नाही, पण मग आम्ही कुठे उतरावं हे त्यांनी का ठरवायचं? शेवटी त्यांनी जिलबीवर बोट ठेवून ऐकवलंच, "महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला थांबते. तिथून दोन स्टेशनं पुढे आम्ही. पण जावयाला आमचा वन बीएचके लहान पडतो." मामींनी डोळ्याला पदर लावला. सांडगी मिरची असावी, पण बघणाऱ्यांना तसं वाटलं नाही.

हॉटेलवाल्यांचंही काही बरं नाही. इंटरनेटवर भायखळ्याचं हॉटेल स्वतःला साउथ मुंबई म्हणवतं आणि कुर्ल्याचं 'वांद्र्याजवळ' असतं. तसं बघितलं तर सांगलीही कोल्हापूरजवळ आहे. एका ठिकाणी फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता, म्हणून फोन केला.

"सर, सी व्ह्यू आहे."

"खोलीतून?"

"गच्चीतून, सर."

"गच्चीवर जाता येतं?"

"सध्या बंद आहे, सर."

दुसऱ्या ठिकाणच्या मुलाने आधार कार्डांवरची नावं विचारली. बायकोने माहेरचं आडनाव ठेवलंय. पलीकडे क्षणभर शांतता. मग अतिशय अदबीने, "सर, मॅडम मिसेसच आहेत ना? मॅरेज सर्टिफिकेट असेल तर बरं पडेल." आमची मुलगी नोकरीला लागली आहे. असं सर्टिफिकेट दाखवायला लावणारा कायदा कुठेही नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे सर, पण पॉलिसी आहे." आपल्याच राज्याच्या राजधानीत, आपल्याच बायकोबरोबर, आपल्याच पैशाने राहायचं तर कागद दाखवा. आणि महालक्ष्मी सकाळी साडेसातच्या सुमारास पोचते, खोली मिळणार दुपारी दोनला. मधले साडेसहा तास बॅगा घेऊन कुठे बसायचं, याची मात्र पॉलिसी नाही.

शेवटी फोर्ट ठरवलं, आणि ते बरोबरच ठरवलं असं माझं अजूनही म्हणणं आहे. गाडी थेट सीएसएमटीला, म्हणजे मामांच्या व्हीटीला जाते, तिथून हॉटेल चालत. ती १८८७ सालची इमारत बघायला तिकीट काढून कुठे जायला नको, उतरलो की आपण तिच्यातच. म्युझियम आणि गेटवे पायी. रात्री ऑफिसं सुटली की फोर्टमध्ये शुकशुकाट असतो, ज्याला मामा 'भीती वाटेल' म्हणतात आणि बायको 'हेच तर हवं' म्हणते. जुहूची हौस असेल तर एक संध्याकाळ जाऊन येता येईल. मेट्रो आता कफ परेडपासून आरेपर्यंत जमिनीखालून धावते आणि तिचं एक स्टेशन सीएसएमटीलाच आहे. रविवारी मेगाब्लॉक, सोमवारी एलिफंटा बंद, म्हणून मंगळवार ते गुरुवार. इतका अभ्यास मी बारावीलाही केला नव्हता.

काल रात्री मामांचा फोन आला. मला वाटलं, रुसले असतील. पण सूर एकदम मऊ.

"मग फोर्ट ठरलं म्हणता. व्हीटीपासून किती?"

"चालत दहा मिनिटं."

"बरं आहे. परतीला सोपं." मग जरा थांबून, "रात्रीचे किती घेतात?"

मी आकडा सांगितला. पलीकडे मामींचा "अगं बाई!" ऐकू आला.

"नाश्ता त्यातच?"

"हो, पण दोघांचाच आहे मामा."

"चालेल," मामा म्हणाले, "बुधवारी मी एकटाच येतो. तुम्ही जरा कमी खा."