भाडं किती, हे कोणी विचारतच नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा आलाय, तिथे पाथर्डी फाट्याला अजून एक फ्लॅट घेऊन टाकायचा का? मामा म्हणतात, "घेऊन टाक, २०२७ नंतर हात लावता येणार नाही." दादाचं म्हणणं, आधी इंदिरानगरचा तुझा जुना फ्लॅट नीट कर. मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून दादाच्या बाजूने बोलतो, म्हणून मामांच्या लेखी भित्रा.

इथे भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचं तर बँक आधी भाड्याचा आकडा मागते. व्याजाच्या साधारण १२५ ते १४५ टक्के भाडं यायला हवं, तेही चढा व्याजदर धरून. नाशिकला बँक आपला पगार बघते; घर स्वतःचा खर्च काढेल का, हे बघायचं आपल्यावरच येतं. आणि आपण ते बघत नाही.

समजा, फ्लॅट ६० लाखांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या किमतीच्या घराला जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज मिळेल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खिशातून. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता साधारण ४१,६०० रुपये. भाडं १५ हजार धरलं तरी दरमहा साडेसव्वीस हजार आपणच घालायचे, मेंटेनन्स वेगळा. शिवाय मालक माझ्यासारखा परदेशात राहणारा, अनिवासी असला की भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापूनच भाडं द्यायचं असतं. रिटर्न भरून जादा कापलेलं परत मिळतं, पण तोवर पैसे अडकतात. भाव वाढेल, हे मामांचं उत्तर. वाढेलही. पण कुंभमेळ्याला आलेला भाविक अकरा महिन्यांचा करार करत नाही.

(गोदाकाठचं स्वस्त मिळतंय असं कोणी सांगितलं, तर २००८च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. पुराची हद्द दाखवणारी निळी-लाल पूररेषा नंतर नकाशावर बघा.)

जुन्या फ्लॅटचंही आमच्याकडे उलटंच चाललं होतं. चर्चा मॉड्युलर किचन आणि पीओपीची, आणि बाथरूमच्या खाली राहणाऱ्या काकूंच्या छताला ओल. इथे भाड्याच्या घराची वायरिंग दर पाच वर्षांनी आणि गॅस दरवर्षी तपासून घ्यावाच लागतो. कटकट वाटायची, आता तीच सवय दादाला लावतोय. आधी जुने जीआय, म्हणजे लोखंडी, पाइप काढून सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप, मग वायरिंग आणि अर्थिंग, मग वॉटरप्रूफिंग. बाथरूमच्या जाळीला बोळा मारून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं; काकूंचं छत कोरडं राहिलं तरच टाइल. रंग सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप घ्यावा, पर्सनल लोनच्या व्याजात भाडं वाहून जातं.

इथलं सगळंच चांगलं असं नाही. प्लंबरची वेळ मिळेपर्यंत गळका नळ आपोआप थांबेल की काय असं वाटतं. नाशिकला गवंडी उद्या येतो. पण तो येतो तेव्हा दारात दादा उभा असतो, रजा टाकून. परदेशातल्या आम्हा लोकांच्या भाड्याच्या हिशेबात त्या रजेचा रकानाच नसतो. यंदा मी तो घातलाय: भाड्यातला दहावा हिस्सा दादाचा. तो नको म्हणाला. वहिनीने खातं क्रमांक पाठवला.