होतकरू संशोधकाला युक्तीच्या चार गोष्टी

प्रथम अभिनंदन. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करायला तुम्हाला निधी मंजूर झाल्याचं कळलं आणि ऊर भरून आला. पेढे वाटून झाले असतील तर जरा बसा. निधी काय, चिकाटी असली की कुणालाही मिळतो. तो पैन् पै खर्च करायचा, हिशेब चोख ठेवायचा आणि आजार मात्र होता तिथेच ठेवायचा, याला खरी अक्कल लागते. आमच्या पिढीला ते जमलं. तुम्हालाही जमेल.

विषय सिकलसेलच घ्या, रक्ताचा जन्मजात आजार. याच्यासारखा विषय नाही. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा. नुसती नावं टाकली तरी प्रस्तावाला वजन येतं. आईबाप दोघेही वाहक असले, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही असे, तर दर खेपेला चारात एक या हिशेबाने मूल आजार घेऊन जन्मतं. गोल असायच्या त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि हाडं कुणी आतून फोडतंय अशा वेदना सुरू होतात. वेदनेवर मात्र जास्त लिहू नका. ती तक्त्यात बसत नाही. रात्री अकराला कण्हत दवाखान्यात आलेल्या पोराला ‘नाटकं करतोय’ म्हणून बाकावर बसवून ठेवतात, हे तर अजिबात लिहू नका. तोही संशोधनाचा विषय होऊ शकतो हे एखाद्याच्या लक्षात आलं तर सगळीच पंचाईत.

प्रस्तावाची सुरुवात ‘या आजाराविषयी अत्यल्प माहिती उपलब्ध आहे’ अशी करायची. शिकागोच्या जेम्स हेरिकने या वाकड्या पेशी 1910 साली छापून दाखवल्या. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे सिद्ध केलं, आणि रेणूपर्यंत माग लागलेला हा पहिलाच आजार ठरला. 1956 मध्ये इन्ग्रॅमने त्या रेणूच्या साखळीतली नेमकी कुठली कडी चुकली तेही सांगितलं. आपल्याकडे निलगिरीच्या आदिवासींत तो 1952 सालीच सापडला होता. तरी ‘अत्यल्प माहिती’ असंच लिहा. प्रस्ताव तपासणाऱ्यानेही आपल्या प्रस्तावात तेच लिहिलेलं असतं, तो कशाला बोलेल?

मग मोजायला लागा. मोजण्यासारखं सुख नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली: 0 ते 40 वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन. 2047 हे साल मला फार आवडतं. तोवर तुम्ही निवृत्त, मी दिवंगत, आणि फाइल कुठल्या कपाटात आहे हे माहीत असलेला कारकूनही बदलून गेलेला. मोजू नये असं कोण म्हणतं? मोजल्याशिवाय उपचार तरी कुणाला देणार? फक्त ‘मोजलं, आता पुढे काय?’ हा प्रश्न पुढच्या टप्प्यात ढकला आणि पुढच्या टप्प्यासाठी नवा प्रस्ताव लिहा.

सॅम्पल गोळा करायला पाड्या-पाड्यावर पायपीट करू नका. आश्रमशाळा कशासाठी आहेत? तीन-चारशे पोरं एका जागी, रांगेत उभी, ‘सर’ म्हटलं की बोट पुढे करणारी. सकाळी प्रार्थनेनंतर सुरू केलंत की जेवणाच्या सुट्टीपर्यंत आटोपतं. पोरांना एकेक बिस्किटपुडा द्या, तो ‘संकीर्ण’ खाली टाका. एखादी आठवीतली मुलगी म्हणेल, ‘सर, माझं मागच्या वर्षीपण घेतलं होतं.’ तिला सांगायचं, ते दुसऱ्या खात्याचं होतं. ती म्हणेल, त्याच्या आधीपण घेतलं होतं. ते तिसऱ्याचं. अशा पोरी हुशार असतात. त्यांना रांगेत पुढे घेऊन लवकर मोकळं करावं. तिच्या आधीच्या दोन सॅम्पलांचं काय झालं हे शोधायला एक दुपार पुरली असती, पण त्या दुपारीला अंदाजपत्रकात शीर्ष नाही.

संमतीपत्र हवंच. नैतिकता समिती त्याबाबत फार काटेकोर असते. आधी इंग्रजीत लिहा, मग मराठी करून घ्या: ‘सदर अभ्यासातील माझा सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून त्यातील संभाव्य जोखमींची मला जाणीव करून देण्यात आली आहे.’ घरात माडिया नाहीतर पावरी बोलणाऱ्या बाईला हे वाचून दाखवलं की ती मान डोलावते. मान डोलावली की अंगठा. आपण मराठीत आणलं म्हणजे लोकांच्या भाषेत आणलं, ही समजूत कधी सोडू नका. तिच्यावर आपल्या अख्ख्या राज्याचा कारभार चालतो.

‘पुढील संशोधनासाठी वापर’ हे वाक्य मात्र संमतीपत्रात बारीक अक्षरात असू द्या. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाय ही जमात राहते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990 पासून त्यांचं रक्त घेतलं. लोकांना वाटलं, मधुमेहासाठी. पण त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला आणि ही जमात मुळात कुठून आली याचाही. 2003 मध्ये जमातीतलीच एक बाई एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिने उभं राहून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं. 2010 मध्ये विद्यापीठाला 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर द्यावे लागले, वर उरलेलं रक्तही परत करावं लागलं. धडा सरळ आहे: सादरीकरणाच्या दिवशी सभागृहाच्या दारावर आपला माणूस उभा करा.

अमेरिकेकडून शिकण्यासारखं आणखीही आहे. तिथे सिकलसेलचे रुग्ण साधारण 1 लाख, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. सिस्टिक फायब्रोसिस हाही जन्मतःच येणारा आजार, रुग्ण सिकलसेलच्या तिसऱ्या हिश्श्याइतके, बहुतेक गोरे. आता 2008 ते 2018 या काळातला खर्च बघा. माणशी सरकारी संशोधन निधी फायब्रोसिसला सुमारे साडेतीन पट. धर्मादाय संस्थांकडून फायब्रोसिसच्या रुग्णामागे साडेसात हजार डॉलरच्या वर आणि सिकलसेलच्या रुग्णामागे शंभराच्या आसपास. यात कुणी कुणाचा द्वेष केला असं समजू नका. देणगी देणाऱ्याने फक्त आपल्या नातवासारखं दिसणारं पोर बघितलं आणि चेक फाडला. परिणाम मात्र देखणा आहे: ज्या आजाराचं कारण 1949 मध्ये सापडलं, त्याच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली 1998 मध्ये. तेही कॅन्सरचं जुनं औषध, हायड्रॉक्सियुरिया. एकोणपन्नास वर्षं! एवढा संथपणा सरकारी कामातही मुद्दाम ठरवून आणावा लागतो.

हायड्रॉक्सियुरिया आपल्याकडेही बनतं. म्हणूनच त्याच्या वाटेला जाऊ नका. गोळी तालुक्याला आहे की नाही, डॉक्टर ती द्यायला बिचकतो का, महिनाभराच्या गोळ्या आणायला बाई एसटीने गेली तर त्या दिवशीची मजुरी कोण देतं, असल्या प्रश्नांवर नामवंत नियतकालिकं खूश होत नाहीत. पेनिसिलीनचंही तेच. सिकलसेल असलेल्या लहान मुलांना दिवसातून दोनदा साधी पेनिसिलीनची गोळी दिली तर गंभीर जंतुसंसर्ग 84 टक्क्यांनी घटतो, हे 1986 साली सिद्ध झालं. फरक इतका उघड होता की ती चाचणी आठ महिने आधीच थांबवावी लागली. पण गोळी वेळेवर सुरू व्हायची तर मूल जन्मताच तपासावं लागतं, आणि मग घरी जाऊन आईला सांगावं लागतं. पुन्हा जावं लागतं. आशाताईला त्याचे पैसे द्यावे लागतात. नको ते. ‘नवोन्मेष’ या रकान्यात पेनिसिलीन कसं लिहिणार?

तिथे लिहायचं जनुकोपचार. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या जनुकोपचाराला मान्यता दिली. एकदाच घ्यायचा, किंमत तेव्हा 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या रुपयांत अठरा कोटींच्या घरात. आपणही मागे नाही: देशी जनुकोपचाराला ‘बिरसा 101’ असं नाव दिलंय. विज्ञान अस्सल आहे, ते करणारी माणसं मनापासून राबतात, त्यांची थट्टा माझ्याने होणार नाही. पण तुम्ही त्यातलं फक्त नाव उचला. नावाला खर्च नाही. ज्या पोराला रक्त चढवायला आणलंय आणि रक्तपेढी ‘आधी बदली रक्तदाता आणा’ म्हणतेय, त्याच्या बापाला भिंतीवरचं पोस्टर दाखवता येतं.

तरी कुणी परिणाम विचारलाच तर तपासणीचा निकाल लिहिलेली कार्डं वाटा. कुंडलीऐवजी कार्ड जुळवा, वाहकाने वाहकाशी लग्न करू नये. सल्ला शास्त्रशुद्ध आहे आणि त्यात सगळी जबाबदारी आपसूक रोग्याच्या घरी जाते. गावात मुलीच्या कार्डाची चर्चा आधी होते, मुलाचं कार्ड बहुधा कुणी मागतच नाही, हे तुमच्या कक्षेबाहेरचं. अमेरिकेत 1970 च्या दशकात अशीच घाईने तपासणी झाली आणि ज्यांना काहीच होत नव्हतं अशा वाहकांच्याही नोकऱ्या अडल्या. हवाई दलाच्या अकादमीचं दार तर 1981 पर्यंत बंद होतं. पण तो इतिहास झाला, आणि इतिहास दुसऱ्या विभागाकडे असतो.

एक धोका सांगून ठेवतो. गडचिरोलीला गेलात तर शोधग्रामकडे फिरकू नका. अभय आणि राणी बंग यांच्या तिथल्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, 39 गावांत काम केलं आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आणला. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. म्हणजे संशोधन, उपचार आणि लोक तिन्ही एकाच गावात! असं बघितलं की तरुण माणूस बिघडतो. मग तो प्रस्तावात ‘गावातल्या दहा जणींचं मानधन’ असं काहीबाही लिहू लागतो आणि यंत्रखरेदीला पैसे उरत नाहीत.

शेवटी निघायची वेळ. रक्ताचे बर्फातले डबे गाडीत चढले, ड्रायव्हरने हॉर्न दिला, की फाटकाशी एखादी म्हातारी उभी असतेच. नातवाचा दंड धरून विचारते, मागच्या खेपेला रक्त नेलं होतं, त्याचं काय निघालं? अशा वेळी थांबायचं नाही, पण उद्धटही व्हायचं नाही. काच खाली करा, हात जोडा आणि म्हणा, ‘आजी, बर्फ वितळतोय.’ ते खरंही असतं.